बिनतवंगाचा आखाड

मारुंजीत रंभाबाईंच्या हातचा मटणाचा रस्सा ज्याने खाल्ला नाही, तो माणूस एक तर माळकरी असायचा, नाहीतर कालच भाड्याने राहायला आलेला. कुणाकडे पाचवी असो, जागरण असो, नाहीतर नवस फेडायचा असो, लोक आधी रंभाबाईंना निरोप धाडत आणि मग खाटकाला. चूल पेटली की त्या पदर खोचून उभ्या राहत आणि तेलाची किटली अशी काही वाकडी करत, की शेजारी उभ्या असलेल्या बाईचा जीव वरखाली व्हावा. तेलाला भ्यायचं असेल त्याने मेथीची भाजी करावी, असं त्यांचं मत होतं आणि ते त्या कुणालाही ऐकवत. रस्सा वाढला की वाटीवर बोटभर तांबडा तवंग आला पाहिजे आणि त्या तवंगात छताचा बल्ब दिसला पाहिजे, ही त्यांची परीक्षा. बल्ब दिसला नाही तर पातेलं पुन्हा चुलीवर.

खरं तर हे शिक्षण त्यांचं माहेरचं नव्हे. माहेर मुळशी धरणाच्या काठचं. तिथे भात मुबलक आणि तेल मोजकं. त्यांची आई भाजलेल्या तांदळाचं वाटण लावून पातळ कालवण करायची आणि भातावर ओतायची. लग्न होऊन रंभाबाई मारुंजीला आल्या, तेव्हा पहिल्याच आखाडाला त्यांनी आईसारखं कालवण केलं. सासू गंगूबाईंनी वाटीत बघितलं, मग सुनेकडे बघितलं आणि भरल्या पंगतीत विचारलं, की हे खायचं आहे का हात धुवायचं. सगळी पंगत हसली. तो टोमणा सोळा वर्षांच्या रंभाबाईंच्या असा जिव्हारी लागला, की पुढच्या आखाडाला त्यांनी सासूपेक्षा दीडपट तेल घातलं, आणि तिथून मागे वळून पाहिलं नाही. आईचं कालवण त्यांनी पुन्हा कधी केलं नाही. माहेरचं नावसुद्धा स्वयंपाकाच्या बाबतीत त्या घेत नसत.

त्यांचे यजमान हैबतराव म्हणजे या रस्श्याचे पहिले भक्त. दिवसभर औत हाकून आलेला माणूस, चार भाकरी कुस्करून वर ओगराळंभर रस्सा ओतून घ्यायचा आणि घाम पुसत जेवायचा. पुढे हिंजवडीला कंपन्या आल्या आणि जमिनीला पाय फुटले. हैबतरावांनी ओढ्याकडचं वावर विकलं, अंगणात खोल्या बांधल्या आणि त्या कंपनीतल्या पोरापोरींना भाड्याने दिल्या. बैल गेले, औत गेलं, भूक मात्र नांगरटीचीच राहिली. सकाळी चौकातल्या बाकावर बसायचं, दुपारी घरातल्या खाटेवर, आणि संध्याकाळी जेवायला असं बसायचं जणू दोन एकर नांगरून आलोय.

व्हायचं तेच झालं. दोन हजार सहाच्या माघात पौडला एका लग्नाला गेले आणि मांडवातच घामाने निथळले. मुलगा निरंजन गाडीत घालून शहरातल्या हॉस्पिटलात घेऊन गेला. छातीत स्प्रिंग बसवली आणि आठ दिवसांनी हैबतराव घरी आले, ते डॉक्टरांनी दिलेला एक कागद घेऊन. दिवसाला तेल तीन लहान चमचे. मटण महिन्यातून एकदा, तेही चरबी काढून. खोबरं नावापुरतं.

रंभाबाई या बाबतीत अर्धंमुर्धं काही करणाऱ्या नव्हत्या. पौडच्या बाजारातून त्यांनी नवं स्टीलचं भगुलं आणलं, त्याला वेगळी पळी, वेगळं झाकण, आणि फळीच्या अगदी टोकाला वेगळी जागा. त्या भगुल्यात हैबतरावांपुरतं शिजायचं. मुलगा-सून जे खातील त्याचा थेंबही त्यात पडता कामा नये. सून उषा एकदा चुकून ती पळी मोठ्या पातेल्यात घालायला गेली, तर रंभाबाईंनी तिच्या हातातून हिसकावून घेतली. आणि भगुल्यात काय शिजायचं? हळद, मीठ, पाणी आणि देवाचं नाव. औषध काय चवीने करतात का, असं त्यांना वाटायचं. आपली सगळी कला त्या मोठ्या पातेल्यात ओतत आणि भगुलं कडेला नुसतं उकळत ठेवत. हे त्यांचं चुकलं, पण ते त्यांना फार नंतर कळलं.

हैबतराव काही बोलले नाहीत. आदळआपट नाही, ताट सरकवणं नाही. चार घास खायचे, "पुरं" म्हणायचं आणि उठायचं. रंभाबाईंना आधी वाटलं, जिभेचे चोचले, होईल सवय. मग वाटलं, हा माणूस चौकात जाऊन काहीतरी चरतोय. त्यांनी निरंजनला पाळत ठेवायला लावलं. दोन दिवसांनी तो येऊन म्हणाला, की आबा बाकावर बसतात, कुणी वडापाव पुढे केला तरी हात लावत नाहीत, चहासुद्धा अर्धा ठेवतात. हे ऐकून रंभाबाईंना बरं वाटायला हवं होतं. उलट काळजी वाढली. चोरून खाणाऱ्या नवऱ्याला रागावता येतं. न खाणाऱ्याचं काय करायचं?

शर्ट खांद्यावरून ओघळायला लागले. ज्येष्ठात तपासणीला नेलं तर काटा नऊ किलो खाली. डॉक्टर रंभाबाईंनाच बोलले. हृदय आता ठीक आहे म्हणाले, पण माणूस उपाशी राहिला तर माझ्या गोळ्या काय करणार, अशक्तपणानेच जाईल. महिनाभरात वजन वर आलं नाही तर दाखल करून घेऊ आणि नळीने भरवू. छातीच्या दुखण्यातून वाचवून आणलेला माणूस आपल्याच ताटावर बसून संपत चाललाय, ही भीती त्यांच्या मनात बसली ती उठेना.

अंगणातल्या खोलीत आरोही नावाची लातूरकडची मुलगी राहायची, कंपनीत कामाला. तिचं रात्रीचं जेवण रंभाबाईंकडेच असे. ती एकदा जेवता जेवता सहज म्हणाली, "काकू, काकांचं वेगळं कशाला करता? माझ्या बाबांना झालं तेव्हा आम्ही सगळेच तसं खायला लागलो." रंभाबाईंनी तिला उडवून लावलं. बाकीच्यांनी काय पाप केलंय, म्हणाल्या. मनात म्हणाल्या, परमुलखातली पोर, हिला काय कळतंय.

बघता बघता आषाढ सरत आला. श्रावण लागण्याआधीचा शेवटचा रविवार म्हणजे या घरचा मोठा सण. त्या दिवशी धाकटे दीर विश्राम आणि त्यांची बायको सुलक्षणा पलीकडच्या आळीतून जेवायला यायचे, असा रिवाज. शुक्रवारी तिन्हीसांजेला हैबतराव ओट्यावर बसले होते. रंभाबाई सुपात तांदूळ घेऊन शेजारी टेकल्या आणि विचारलं, की परवाला तुमच्यासाठी काय करू, महिन्याचं मटण परवाच धरू या का.

हैबतराव समोरच्या खोल्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला काय इचारतीस. माजं भगुलं हायेच की येगळं. विश्रामला आईनं वाढलं, तसं वाढ."

रंभाबाईंचे हात सुपातच थांबले.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दोघा भावांचं काहीतरी बिनसलं होतं. गंगूबाई भांडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एका संध्याकाळी चुलीवर दुसरं लहान भगुलं दिसलं. धाकट्या सुनेच्या पोटाला तिखट सोसत नाही, असं त्यांनी कारण सांगितलं, आणि विश्राम आणि त्याच्या बायकोला त्यातलं वाढलं. आठ दिवस तसंच वाढलं. नवव्या दिवशी विश्रामने स्टोव्ह घेतला आणि बिऱ्हाड पलीकडच्या आळीत हलवलं. त्या घरात 'वेगळा निघ' असं तोंडाने कुणी म्हणत नसे. ते भगुल्याने सांगायचं असे. रंभाबाई तेव्हा स्वतः चुलीशी उभ्या होत्या. त्यांनीच तर ते भगुलं घासलं होतं.

"अवं, डॉक्टरनं सांगितलं म्हनून केलं मी," त्या म्हणाल्या.

"आईनंबी पोटाचंच सांगितलं व्हतं." हैबतरावांचा आवाज चढला नाही. "तुला न इचारता वावार इकलं. तू बोलली न्हाईस. आता काम ना धाम, नुसता बसून खानारा मानूस. मी समजून घेतलं."

वावर विकलं तेव्हा रंभाबाई रुसल्या होत्या, हे खरं. महिनाभर नीट बोलल्या नव्हत्या. पण तो राग कधीच विरला होता. खोल्या झाल्या, भाडेकरू आले, त्या स्वतःच विसरून गेल्या होत्या. आणि हा माणूस मात्र पाच महिने रोज संध्याकाळी त्या भगुल्यासमोर बसून, आपल्याला घरातून काढलंय असं समजत होता. तरी रोज मुकाट्याने पानावर येऊन बसत होता. रंभाबाईंना इतकं वाईट वाटलं, की सूप तिथेच ठेवून त्या आत गेल्या आणि तांब्याभर पाणी प्यायल्या.

समजूत घालता आली असती. देवाशप्पथ म्हणता आलं असतं. पण गंगूबाईंनी तरी विश्रामला शब्दाने कुठे वेगळं काढलं होतं? जे भगुल्याने मोडलं ते तोंडाच्या वाफेने जुळायचं नाही, हे रंभाबाईंना कळत होतं. एकच मार्ग होता. रविवारी पातेलं एकच चढणार. आणि हैबतरावांना जे चालतं तेच सगळ्यांच्या वाटीत पडणार.

हे म्हणायला सोपं. पण आखाडाच्या रविवारी, जावेच्या समोर, रंभाबाईंनी बिनतवंगाचा रस्सा वाढायचा? सुलक्षणाची जीभ म्हणजे गावची दवंडी. सोमवारी सकाळी पाण्याच्या टाकीवर सगळ्या बायांना कळलं असतं, की हैबतरावांच्या घरात तेल उरलं नाही. पस्तीस वर्षांचं नाव एका संध्याकाळी जाणार होतं. उषा तर घाबरलीच. "आत्या, काकी काय म्हनत्याल?" म्हणाली. रंभाबाई शनिवारभर याच विचारात होत्या. संध्याकाळी मारुतीला तेल घालायला गेल्या, तेव्हा देवाच्या अंगावरून तेलाचा ओघळ चाललेला बघून मनात म्हणाल्या, तुझं ठीक आहे बाबा, तुला काही होत नाही.

रविवारी सकाळी सहालाच त्यांनी निरंजनला खाटकाकडे पिटाळलं. मांडीचं आणि नळीचं आण, चरबीचं नको, म्हणून बजावलं. हळद, मीठ, आलं-लसूण लावून आठाच्या आत मटण शिजवून घेतलं. फ्रिजमध्ये ठेवून गार केलं की चरबी वर धरेल असं आरोहीने सांगितलं होतं, पण पातेलं फ्रिजमध्ये मावेना, आणि लहान डब्यांत ओतायला घेतलं तर वीज गेली. भारनियमनाचे दिवस, आता चारशिवाय यायची नाही. रंभाबाईंनी क्षणभर कपाळाला हात लावला. मग त्यांना हसू आलं. थंडीच्या दिवसांत रात्रीच्या उरलेल्या रस्श्यावर सकाळी पांढरी साय धरते, ती काय फ्रिजमुळे? जन्मभर ती बघत आल्या होत्या आणि गरम करून पुन्हा वाढत आल्या होत्या. त्यांनी मोठ्या घंगाळात बोअरचं गार पाणी भरलं आणि पातेलं त्यात बसवलं. पाणी कोमट झालं की बदललं, असं तीनदा केलं.

बाराच्या सुमारास झाकण काढलं तर वर मेणासारखा पांढरा थर. चरबीचं आणलं नव्हतं तरीही. झाऱ्याने उचलला तर ताटलीभर निघाला. रंभाबाई त्या ताटलीकडे बघत बसल्या. शिवाय आजवर किटलीने ओतलेलं तेल वेगळंच. पस्तीस वर्षं आपण प्रेमाने हे त्या माणसाच्या वाटीत घातलं, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी ती ताटली उषाला दाखवली. उषा तोंडाला पदर लावून नुसती "अगं बया" म्हणाली.

मग त्या कामाला लागल्या. आणि आता जे केलं ते औषध म्हणून नव्हे. आईची आठवण काढून केलं. कांदे चुलीच्या आरावर काळे होईपर्यंत भाजले. मूठभर आंबेमोहर तांदूळ तव्यावर खमंग भाजला. खोबऱ्याची एक चिप, धणे, खसखस, आणि रंगासाठी गरम पाण्यात भिजवलेल्या ब्याडगी मिरच्या. सगळं पाट्यावर गंधासारखं वाटलं. उषा म्हणाली मिक्सर आहे, तर म्हणाल्या वीज आण मग. पातेल्यात तेल घालताना किटलीला हात लावला नाही. कागद आठवून, सात माणसांना सात लहान चमचे, मोजून. वाटण खाली लागायला लागलं की मटण शिजवलेल्या अळणी पाण्याचा हबका मारायचा आणि परतत राहायचं, हे आईचं. हात भरून आला पण वास सुटला. चार वाजता उकळी फुटली. रंभाबाईंनी पळीने तळहातावर घेऊन चाखलं.

त्यांना वाटलं होतं, पुळकवणी लागेल. ते तसं लागलं नाही. मटणाला मटणाची चव होती, कांद्याला कांद्याची. त्यांना त्यांच्या रस्श्यात कैक वर्षांत तेल आणि तिखटापलीकडचं काही लागलं नव्हतं. आईच्या कालवणाची आपण उगाच लाज धरली, हे त्यांना त्या एका घोटात कळलं आणि त्या चुलीपाशीच टेकल्या.

संध्याकाळी हैबतराव चौकातून परतले तर अंगणात कोंबड्या पाणी पीत होत्या. कशातून, तर त्यांच्या भगुल्यातून. ते थबकले, बघितलं, आणि हातपाय धुवायला गेले.

दिवेलागणीला मधल्या खोलीत पंगत बसली. विश्राम, सुलक्षणा, निरंजन, आरोही, आणि भिंतीशी हैबतराव. एरवी रंभाबाई आतून वाट्या भरून आणत. आज त्यांनी पितळी पातेलंच उचलून पंगतीच्या मधोमध आणून ठेवलं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पहिलं ओगराळं हैबतरावांच्या वाटीत घातलं. दुसरं विश्रामच्या. तिसरं सुलक्षणाच्या. त्याच पातेल्यातून, त्याच ओगराळ्याने.

सुलक्षणाने वाटी उजेडाकडे धरली. तवंग नाही. तिने नवऱ्याकडे बघितलं. विश्राम गालात हसत म्हणाला, "वैनी, तेलाची किटली सांडली काय?"

रंभाबाई ओगराळं हातात धरून सरळ उभ्या राहिल्या. भाषण त्यांनी दुपारीच जुळवून ठेवलं होतं, पण त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"या घरात आजपास्नं एकच पातेलं," त्या म्हणाल्या. "ह्यास्नी जे चालतंय तेच समद्यास्नी. ज्याला तवंग पायजे त्यानं आपल्या घरी करून खावा. हितं कुनाचंच भगुलं येगळं लागनार न्हाई."

शेवटचं वाक्य बोलताना त्या बघत होत्या हैबतरावांकडे. पण मान खाली गेली ती विश्रामची. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, रस्श्यात बुडवला आणि तोंडात घातला. दोन घास झाल्यावर म्हणाला, की हे पाण्यासारखं दिसतंय पण आहे भारी. सुलक्षणाचीही वाटी रिकामी झालेली उषाने बघितली.

हैबतराव मात्र अजून वाटीकडेच बघत होते. रंभाबाईंना तो वेळ फार लांब वाटला. डॉक्टर, काटा, नळी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. मग हैबतरावांनी वाटी दोन्ही हातांनी उचलली, तोंडाला लावली आणि पहिल्या खेपेलाच अर्धी केली. भाकरी कुस्करली. उरलेला रस्सा वर ओतला. जेवायला लागले, ते मान वर न करता. दुसरं ओगराळं मागितलं. तिसरं मागितलं.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.

"कमीच ऱ्हानार," रंभाबाई म्हणाल्या. पाच महिन्यांत या माणसाने जेवणाला नावं ठेवली नव्हती. आज ठेवली, आणि रंभाबाईंचा जीव भांड्यात पडला. पुढच्या महिन्यात काटा दोन किलो वर सरकला आणि डॉक्टरांनी नळीचं नाव काढलं नाही, पण ते नंतर. खरी काळजी मिटली ती त्या संध्याकाळी, त्या खारट बोलण्याने.

पंगत उठायला आली तेव्हा उषा हळूच येऊन म्हणाली, की आत्या, मी माझं घेतलंय, पण तुमच्यासाठी पातेल्यात काही उरलं नाही. रंभाबाईंनी वाकून बघितलं. खरंच तळाला फक्त वाटणाचा माग राहिला होता. उरलेला तवंगाचा रस्सा दुसऱ्या दिवशी खायची या घरची रीत, आणि हा बिनतवंगाचा असा साफ झालेला. सोमवारी टाकीवर सुलक्षणा काय सांगायचं ते सांगो.

हैबतरावांनी ते ऐकलं. ते जागचे थोडे सरकले आणि शेजारची जागा मोकळी केली. तीस-पस्तीस वर्षांत रंभाबाई त्यांच्या शेजारी पानावर कधी बसल्या नव्हत्या. त्या मागून बसायच्या, आत, चुलीपाशी. हैबतरावांनी आपली वाटी पुढे ढकलली. तिसऱ्या ओगराळ्यातला निम्मा रस्सा आणि एक नळी त्यात तशीच होती.

"बस," ते म्हणाले. "ह्यातलंच खा."

रंभाबाई बसल्या. त्यांनी भाकरी मोडून त्याच वाटीत बुडवली. सुलक्षणा बघत होती, आरोही बघत होती, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्या वाटी पुसून पुसून जेवल्या. शेवटी स्टीलच्या चकचकीत तळात छताचा बल्ब स्वच्छ दिसला. मग त्यांनी हैबतरावांना विचारलं, की उद्या काय करू.